भुलाबाई आणि टेपवाल्या वहिनी

टेपवाल्या वहिनी दुकानात शिरल्या की आधी दुकानदाराला पंखा बंद करायला लावत. भर मे महिन्यातही. दुर्गच्या बाजारात घामानं निथळणारा तो माणूस बिचारा बटण दाबी. मग वहिनी काउंटरवरचा टेपरेकॉर्डर उचलून त्यात स्वतःच्या पिशवीतली कॅसेट घालत आणि मशीन सरळ कानाला लावत. कॅसेट कोरी असे. गाणं नाही, बोलणं नाही, काही नाही. दोन-तीन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहत आणि मग मशीन खाली ठेवून म्हणत, "इसका मोटर कराह रहा है भैया, दूसरा दिखाओ." मोटर कण्हते म्हणे. पहिल्या खेपेला त्या दुकानदाराला वाटलं, बाईचं डोकं फिरलेलं दिसतं. तिसऱ्या खेपेला त्या दिसताच तो आपणहून पंख्याकडे जायला लागला.

वहिनी म्हणजे भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आमच्या शेजारीण. नाव कुमुद, पण ते नाव राशनकार्डावरच राहिलं. नवरा पोलादाच्या प्लँटच्या आतल्या रेल्वेत होता, वडील नागपूर-दुर्ग लाइनवर गार्ड होते, त्यामुळे लहानपणापासून कान शिट्ट्यांवर आणि रुळांवर वाढलेला. आमच्या दोन्ही क्वार्टरांच्या मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवरून आमचं सगळं चाले: विरजण, निवडलेली भाजी, प्लँटच्या लाल धुळीनं खराब झालेल्या चादरींचं रडगाणं. आवाज त्यांचा असा घोगरा की आरतीच्या वेळी बायका त्यांना हळूच मागच्या रांगेत सारत. त्यांनाही ते माहीत होतं. "माह्या गळ्यात देवानं वाळू भरली अन् कानात तेल घातलं," असं त्या स्वतःच सांगत आणि हसत.

आणि मी गाणारी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी काही शोभा नाही.

विदर्भातून भिलाईला आलेल्या घरांत भुलाबाई बसायची. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर. कोनाड्यात भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी मांडायची, संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी घरोघर जाऊन टाळ्यांवर गाणी म्हणायची, शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची आणि खायची. नाइट शिफ्टवाल्याच्या घरासमोर आवाज खाली आणायचा, हा इथला जास्तीचा नियम. पण पोरी शाळेत हिंदी बोलायच्या, रस्त्यावर हिंदी बोलायच्या, मराठी फक्त स्वयंपाकघरात. त्यांना गाणी येणार कुठून? ती माझ्याकडून येत. मी आर्वीकडची. आत्यानं मांडीवर घेऊन शिकवलेली चौदा गाणी मला तोंडपाठ होती, आणि त्यातलं शेवटचं लांबलचक झाडांचं गाणं तर अख्ख्या सेक्टरमध्ये माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. महिनाभर माझ्या अंगणात पोरींची रीघ लागे. "काकू, पुढचं काय? काकू, पुन्हा सांगा." वर्षाचे अकरा महिने मी एका क्लार्कची बायको होते. त्या एका महिन्यात मी कुणीतरी होते.

वहिनी भिंतीच्या पलीकडे तांदूळ निवडत बसत आणि ऐकत. कधी मान डोलवणं नाही, वाहवा नाही. एकदा मात्र म्हणाल्या, "वैनी, काल तुमचा आवाज सातव्या गाण्यात अर्धं बोट खाली होता. पडसं येऊन राहिलं वाट्टे." दुसऱ्या दिवशी मला सणकून सर्दी झाली. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला.

त्यांनी टेपरेकॉर्डर घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा मला वाटलं, एका फेरीचं काम. चार महिने लागले. हातात पैसे बेताचेच, म्हणून निवड जास्तच कडक. मलाही त्या बरोबर नेत, आणि मी जात असे, कारण घरी बसून काय चाललंय याचा विचार करण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं बरं. कोऱ्या टेपची परीक्षा पास झाली की दुसरी परीक्षा सुरू होई. मशीन काउंटरवर रेकॉर्डिंगला लावून वहिनी एक, दोन, तीन असं साध्या आवाजात मोजत दुकानाबाहेर चालू लागत. वीस पावलं. भाजीवालीच्या हातगाडीपर्यंत. मग परत येऊन ऐकायचं, कितव्या आकड्यापर्यंत ऐकू येतं. दहाच्या आत मशीन मुकं झालं की त्या नमस्कार करून निघत. लोक थांबून बघत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई, त्यांना काही वाटत नसे.

दुकानदार त्यांना दोन स्पीकरचे, दिवे लुकलुकणारे मोठे सेट दाखवी. किमतीतही थोडंच जास्त असे. वहिनी त्याला हात लावत नसत. "ह्याले तोंडं दोन आहेत जी, पण कान एकच, अन् तोही बहिरा," असं मला मराठीत सांगत. "आपल्याले बोलणारा नाही पाह्यजे, ऐकणारा पाह्यजे." शेवटी घेतला तो काळा, चपटा, कडीवाला, चार सेलवर चालणारा, कातडी कव्हराचा. बाजूला ओरखडा होता म्हणून दुकानदारानं स्वस्तात दिला. एकोणीस आकडे त्यानं ऐकले होते. "विसावा म्या मुद्दाम हळू म्हटला होता," वहिनी बसमध्ये म्हणाल्या आणि ते मशीन मांडीवर धरून सेक्टर दोनपर्यंत आल्या.

झालं. त्या दिवसापासून कॉलनीत कुणालाही टेप घ्यायचा असला की वहिनींना बोलावणं. मद्रासी, बंगाली, पंजाबी, सगळ्यांच्या घरून. माझ्या नवऱ्यालाही हुक्की आली. एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाले, "आपणही घेऊ एक. वहिनींना विचारून घेऊ. त्या बाईचं डोकं फार पद्धतशीर चालतं." माझ्या डोक्याबद्दल हे शब्द सोळा वर्षांत कधी ऐकले नव्हते. मी म्हटलं, "आपल्या घरात यायची वस्तू आपण निवडू. मला काय कान नाहीत?"

आणि गेले की मी एकटी, बसनं, कुम्हारी ओलांडून थेट रायपूरला. दुर्गचा दुकानदार त्यांच्या ओळखीचा, म्हणून त्याच्याकडे जायचंच नव्हतं. रायपूरच्या दुकानात पंखा बंद करायला सांगायची हिंमत झाली नाही. गाणं लावून दाखवलं, आवाज दणदणीत, दोन्हीकडे जाळ्या चमकतायत, वर रेडिओ. घेऊन आले. घरी टेबलावर मांडला, भरतकामाचा रुमाल टाकला आणि मुद्दाम भिंतीवरून हाक मारली. वहिनी हात पुसत आल्या. सगळीकडून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "वैनी, ह्याच्यात लाल बटन कुठं आहे?"

लाल बटण म्हणजे रेकॉर्डिंगचं. ते नव्हतंच. मी टेपरेकॉर्डर म्हणून जे आणलं होतं त्यात रेकॉर्डरच नव्हता, नुसता वाजवणारा डबा. माझा नवरा खुर्चीत बसून इतका हसला की ठसका लागला. वहिनी हसल्या असत्या तर मी भांडले तरी असते. त्या म्हणाल्या, "गाणे ऐकाले लई चांगला आहे जी. आवाज भारी आहे." त्या चांगुलपणानं माझी जी आग झाली, ती कशानं विझावी? आठ दिवस मी भिंतीपाशी गेले नाही.

त्या वर्षी भाद्रपद लागायच्या आधी त्या माझ्याकडे आल्या. कधी नव्हे ते समोरच्या दारानं आल्या. म्हणाल्या, "वैनी, मागच्या साली तुम्ही बहिणीच्या बाळंतपणाले गेल्या होत्या, तर पोरी दुसऱ्याच दिवशी अडल्या. तुमचे गाणे टेपमध्ये भरून ठेवू. तुम्ही असा नाही तर नसा, पोरी अडणार नाहीत."

त्यांच्या मनात काही काळं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी ऐकलं ते एवढंच: तुम्ही नसलात तरी चालेल. माझ्याकडे दागिने नव्हते, शिक्षण सातवीपर्यंतचं, नवऱ्याच्या लेखी पद्धतशीर डोकं शेजारच्या घरात. ही चौदा गाणी तेवढी माझी. ती त्या काळ्या डब्यात गेली की बटण दाबायचं काम कुणीही करील, आणि तो डबा त्यांच्या घरचा. नाही म्हणावं तर जगाला दिसेल की ही जळते. म्हणून मी हो म्हटलं.

रेकॉर्डिंगची त्यांची तयारी पाहण्यासारखी होती. दुपारचा भोंगा होऊन शिफ्ट बदलून गेली की मग सुरुवात, म्हणजे सायकलींचा गलका नको. अंगणातला नळ फडकं बांधून गप्प केला. भिंतीवरचं घड्याळ काढून आतल्या खोलीत गादीखाली ठेवलं. पलीकडच्या बंगाली बाईला जाऊन सांगून आल्या, तासभर कुकर लावू नका. मशीनखाली चौघडी घातलेली गोधडी, मशीनची स्वतःची घरघर टेपमध्ये जाऊ नये म्हणून. मला पाटावर बसवून मधलं अंतर वितीनं मोजलं. सात-आठ पोरी टाळ्यांसाठी गोल उभ्या. त्यांतली वंदना नावाची बारा वर्षांची पोर टाळीला पक्की, म्हणून ती पुढे. वहिनींनी बोट वर केलं, लाल बटण दाबलं, बोट खाली आणलं.

तेरा गाणी मी अशी म्हटली की आत्या असती तर तिनं दृष्ट काढली असती. मग झाडांचं गाणं. भुलाबाई माहेरी निघते आणि वाटेतल्या एकेका झाडाचा निरोप घेते, असं ते गाणं. चिंच झाली, बोर झाली, आंबा झाला. सहा झाडं झाली. सातवं मोहाचं कडवं, सगळ्यात गोड, आणि त्यानंतर दारातली तुळस की गाणं संपलं. मोहाच्या कडव्यापाशी मी तोंड मिटलं.

विसरले नव्हते. विसरणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, हे एक राहू दे माझ्याजवळ. या एका कडव्यासाठी तरी पोरींना माझ्या दारात यावं लागेल. मी असा चेहरा केला की जणू दम घेतेय. पोरी टाळ्या वाजवत राहिल्या, वंदनानं लय सोडली नाही. वहिनींचं बोट बटणापाशी गेलं आणि थांबलं. त्यांनी टेप बंद केली नाही. माझ्याकडे पाहत राहिल्या. भिंतीपलीकडून इतकी वर्षं त्यांनी ते कडवं ऐकलेलं होतं, त्यांच्यापासून मी ते लपवणार कशी? एक अख्खं कडवं जाईल एवढा वेळ नुसत्या टाळ्या त्या टेपमध्ये भरत गेल्या. मग मी तुळस घेतली आणि गाणं संपवलं.

पोरी खिरापतीकडे धावल्या. मीच घाईघाईनं म्हटलं, "मधे जरा थांबले मी, तेवढं काढून टाका. जोडून घ्या." वहिनी टेप मागे फिरवत म्हणाल्या, "काढत नाही जी. ती जागा तुमची आहे. मन झालं की या, लाल बटन दाबलं की भरून जाईन." एवढंच. दुसरा शब्द नाही, ना तेव्हा, ना नंतर.

व्हायचं ते झालंच. पोरी टेपवरून गाणी शिकायला लागल्या, म्हणजे वहिनींच्या अंगणात. माझ्याकडे खिरापतीपुरत्या येत. माझाच आवाज भिंतीपलीकडून मला ऐकू येई आणि पोरी त्याला "वहिनीकाकूंची टेप" म्हणत. कुणी लग्न होऊन जायला निघाली की वहिनी तिला दुसऱ्या मशीनवरून एक कॅसेट भरून देत. दर आश्विनात एकदा त्या भिंतीपाशी येऊन विचारत, "वैनी, येता काय आज?" कशासाठी, ते मी विचारत नसे, त्या सांगत नसत. "आज नाही जी, पापड घातलेत." "आज नाही, पाहुणे येऊन राहिले." अशी नऊ वर्षं मी कारणं दिली. मोहाच्या कडव्यासाठी एकही पोर माझ्या दारात आली नाही. ते आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

वहिनींचे मिस्टर रिटायर झाले आणि ती दोघं गोंदियापलीकडे गावी जायला निघाली. ट्रक सकाळी दारात लागला. सामान चढत होतं तेव्हा त्या भिंतीपाशी आल्या. डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "मशीन अजून बांधली नाही. सेल नवे टाकले आहेत. पाच मिनिटाचं काम आहे, वैनी."

मी म्हटलं, "दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल." आणि आत आले. गॅसवर काहीही नव्हतं. मी रिकाम्या शेगडीसमोर उभी राहून ट्रक सुरू झालेला ऐकला. तो वळणापर्यंत ऐकू आला. नंतर मी तिथंच खाली बसून रडले, पण तेव्हाही, खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात होतं की आता तो डबा गेला, आता पोरी माझ्याकडे येतील. चार वर्षांनी त्या वारल्याचं पत्र आलं. मी एकदाही त्यांना पत्र लिहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका आश्विनात वंदनानं मला दुर्गजवळच्या उतईला बोलावलं. तिथंच दिलेली होती ती. तिची पोर आठ वर्षांची झाली होती, घरात भुलाबाई बसवली होती. "काकू, या. पोरींना आशीर्वाद द्या," म्हणाली. मला खुर्चीवर बसवून ती खिरापत करायला आत गेली. पोरी गोल उभ्या राहिल्या. वंदनाची लेक पुढे, आईसारखीच टाळीला पक्की. टेप केव्हाच झिजून गेलेली, आता सगळं तोंडपाठ. तेरा गाणी झाली, मग झाडांचं गाणं लागलं. सहा झाडं झाली आणि सगळ्या पोरी एकदम गप्प झाल्या. नुसत्या टाळ्या. एक अख्खं कडवं जाईल एवढा वेळ. मग तुळस.

मी त्या पोरीला जवळ बोलावून विचारलं, "मधे गप्प काहून राहिल्या गं?"

"आजी, तिथं चुप राहायचं असते," ती म्हणाली. "तिथं एक बाई गाणार आहे. टेपवाल्या आजीनं माझ्या मम्मीले सांगितलं होतं, तिची जागा कोणी घ्यायची नाही. कुम्हारीच्या मावशीकडे पण असंच करतात."

"कोणती बाई?"

"मालूम नाही. येईन म्हणे."

मी म्हटलं, "पुन्हा एकदा म्हणा बरं, पहिल्यापासून." पोरींनी तोंडं वाकडी केली, पण म्हटलं. चिंच, बोर, आंबा. सहावं झाड गेलं. टाळ्या सुरू झाल्या आणि मी मोहाचं कडवं म्हटलं. आवाज फाटला होता, पण शब्द एकही चुकला नाही. तुळस कुणी म्हटलीच नाही. वंदनाची लेक टाळ्या थांबवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजी, तुमाले आत्ताच तर सांगितलं," ती म्हणाली. "ती जागा दुसऱ्या बाईची आहे."

मी "हो गं बाई, चुकलं माझं" म्हटलं आणि पदर सावरून बसले. पोरी पुन्हा चिंचेपासून सुरू झाल्या. ज्या बाईची इतकी वर्षं इतकी पोरं इतक्या प्रेमानं वाट पाहत होती, तिचा मला जसा हेवा वाटला, तसा टेपवाल्या वहिनींचाही कधी वाटला नव्हता.